मोदकपात्रात ब्रोकोली: स्टीलच्या मोदकपात्राचा आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू मोदकांसाठी नाही. मोदक आमच्याकडे गणपतीत एकदा आणि फार तर एखाद्या अंगारकीला, आणि ते आई करते, त्यातलं मला काही विचारू नका. मी लिहितोय ते कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा ह्या मंडळींसाठी घेतलेल्या स्टीलच्या मोदकपात्राबद्दल. नोव्हेंबरात घेतलं, आता जुलै चालू आहे आणि मधल्या काळात ते एकदाही माळ्यावर गेलेलं नाही.

आमच्या घरचं असं आहे की बायको शाळेत शिकवते, पावणेसातला बाहेर पडते, माझं काम घरूनच, त्यामुळे डब्यांचं खातं गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. आईला शुगर आहे. मुलगी सातवीत, तिला भाजीत हळद दिसली की नाक मुरडायला निमित्त मिळतं. डॉक्टरांनी आईला भात-पोळी कमी आणि भाजी जास्त असं सांगितलं, आणि थंडीत आमच्या नाशकात कोबी-फ्लॉवर इतका स्वस्त होतो की पिशवी भरायला विचार करावा लागत नाही, त्यामुळे रोज कोबी. रोज कोबी म्हणजे रोज कटकट, कारण मी तो कुकरला दोन शिट्ट्या काढायचो आणि मग फोडणीत परतायचो. जे हॉस्टेलला राहिलेत त्यांना तो वास माहीत आहे. आमच्या मेसमध्ये कोबी असला की जिन्यातच कळायचं आणि अर्धी पोरं तिथूनच वडापावच्या गाडीकडे वळायची. मला इतकी वर्षं वाटायचं की तो कोबीचा वास. तो कोबीचा नाही, तो जास्त शिजवल्याचा वास आहे. ह्या भाज्यांत गंधक असतं, जितका वेळ उष्णता द्याल तितके ते गंधकाचे वायू सुटत जातात आणि पाच-सात मिनिटांच्या पुढे गाडी हाताबाहेर जाते. कच्च्या कोबीला कुठे येतो वास?

तर वाफवायचं ठरवलं. आणि शहाण्यासारखं मोदकपात्र घ्यायच्या आधी ऑनलाइन सेलमध्ये इलेक्ट्रिक स्टीमर घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. तीन मजली, पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे, टायमर, फोटोत एकदम झकास. वापरात काय झालं तर वरच्या मजल्याचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकायचं, म्हणजे खालची भाजी वाफवलेली नाही तर चक्क भिजलेली. फ्लॉवर हळदीच्या पाण्यात ठेवून मग वाफवायचो तर महिनाभरात डबे पिवळे झाले ते कायमचे. चौदाव्या महिन्यात, वॉरंटी संपून दोन महिने झाल्यावर, हीटर गेला. सर्व्हिसवाल्याने फोनवर सांगितलं की सर बेस सुटा मिळत नाही, नवीन घ्या. तो स्टीमर आता बाल्कनीत आहे, त्याच्या तीन डब्यांत आईने पुदिना लावलाय, खाली भोकं आयतीच होती.

मग एका शनिवारी भांडी बाजारात गेलो. नाशिकबाहेरच्यांसाठी, हा गोदावरीच्या जवळच, सराफ बाजाराला लागून, म्हणजे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर पुराचं पाणी चढलं की इथले दुकानदार माल वर हलवायला लागतात तो भाग. तांब्या-पितळेसाठी लोक लांबून येतात पण स्टीलही भरपूर. मी ज्या दुकानात गेलो तिथे काकांना म्हटलं, भाजी वाफवायला काहीतरी द्या. त्यांनी आधी इडलीपात्र काढलं, मग ढोकळ्याचं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रोज वापरणार ना? मग मोदकपात्र न्या की. गणपती झाले की लोकांना त्याची आठवणच राहत नाही." तेराशे पन्नास रुपये सांगितले, बाराशे ऐंशीला दिलं. 

वस्तू अशी आहे: खाली पसरट पातेलं, त्यात साधारण दीड लिटर पाणी मावतं पण तेवढं लागत नाही, वर दोन जाळ्या, आणि घुमटासारखं झाकण. हे झाकण घुमटासारखंच हवं, हे विकत घेताना नक्की बघा. सपाट झाकणाला वाफेचे थेंब जमतात आणि बरोब्बर मधोमध भाजीवर पडतात. घुमट असला की थेंब कडेकडेने घरंगळून खाली जातात. मोदकांसाठी हे लागतंच, नाहीतर मोदक चिकट होतात, आणि ब्रोकोलीच्या तुऱ्यांनाही तेच लागू आहे कारण तो तुरा म्हणजे स्पंजच, पाणी पडलं की पिऊन बसतो आणि मग खाताना तोंडात पिळला जातो. इलेक्ट्रिक स्टीमरने मला हेच खायला घातलं होतं चौदा महिने.

स्टीलबद्दल एक. काकांनी चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, म्हणाले बघा ३०४ आहे, म्हणजे चांगल्या ग्रेडचं स्टील. आता ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण २०२ ह्या स्वस्त ग्रेडलाही चिकटत नाही, त्यामुळे ह्या चुंबकाच्या परीक्षेला काही अर्थ नाही. शिक्का बघा, बिलावर लिहून घ्या. आणि घरी इंडक्शन असेल तर उलटं, तळाला चुंबक चिकटायलाच हवं, माझ्याच्याला चिकटत नाही म्हणून हे फक्त गॅसवर चालतं. अॅल्युमिनियमचं मोदकपात्र चारशे-पाचशेत मिळतं, आईकडे लग्नातलं आहे, ते आतून काळं पडतं म्हणून पाण्यात लिंबाची फोड टाकावी लागते. रोजच्या वापराला मला स्टील बरं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात मी एक प्रयोग केला, प्रयोग म्हणजे काय तर एका गड्ड्याच्या ब्रोकोलीचे दोन सारखे भाग केले, एक भाग पातेल्यात बुडवून उकळला आणि एक ह्या जाळीवर, दोन्ही चार मिनिटं. उकळलेल्याचं पाणी गवती चहासारखं हिरवं-पिवळं, खालच्या पातेल्यातलं वाफेचं पाणी जवळजवळ नितळ. बास, इथे माझ्यापुरता प्रश्न संपला. सी जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, आणि ब्रोकोलीत ते शंभर ग्रॅमला नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे संत्र्याहून जास्त. ते आपण सिंकमध्ये ओतत होतो. फक्त सी जीवनसत्त्वच नाही, ज्याच्यासाठी ह्या भाज्यांचं एवढं कौतुक चालतं ते ग्लुकोसिनोलेट नावाचं प्रकरणही पाण्यात जातं.

हे प्रकरण जरा सांगतो कारण मोदकपात्र कसं वापरायचं ते त्याच्यावरच ठरतं. ह्या सगळ्या भाज्या एकाच कुळातल्या, फुलाला चार पाकळ्या, क्रॉससारख्या, म्हणून त्यांना क्रुसिफेरस म्हणतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही तर शास्त्राने बघितलं तर एकाच जातीची सख्खी भावंडं, माणसाने शेकडो वर्षं निवड करत करत एकाची पानं वाढवली, एकाचा फुलोरा, एकाचा दांडा फुगवला. मुळा, सलगम, हळीव हे चुलत घराणं. आणि मोहरीसुद्धा! आमच्या कुंडीत आईचा एक मुळा काढायचा राहून गेला आणि फुलला, शेजारच्या कुंडीत सांडलेली मोहरी उगवली होती तीही फुलली, एक पांढरट-जांभळं आणि एक पिवळं, पण पाकळ्या मोजल्या तर दोन्हीकडे चार आणि मांडणी तीच. मुलीने सायन्सच्या वहीत चिकटवली दोन्ही. मुळ्याला नंतर डिंगऱ्या लागल्या, त्यांची भाजी झाली, तो विषय वेगळा.

तर ह्या कुळातल्या भाज्यांच्या पेशींत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. एक ते ग्लुकोसिनोलेट आणि दुसरं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. आपण चिरलं किंवा चावलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि तिखट, झणझणीत पदार्थ तयार होतात. किडीला पळवून लावायची झाडाची ती सोय आहे. ब्रोकोलीत त्यातून सल्फोराफेन होतं, जे १९९२ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ब्रोकोलीतून वेगळं काढलं आणि तेव्हापासून ब्रोकोलीचे भाव वधारले. कॅन्सर बरा होतो वगैरे फॉरवर्ड मला पाठवू नका, माझा तसला काही दावा नाही. पण शरीरातली नको ती द्रव्यं निकामी करणारी आपलीच यंत्रणा त्याने जागी होते हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, आणि जे चांगलं आहे ते ताटात यावं एवढीच माझी अपेक्षा.

गोची अशी की ते एन्झाइम उष्णतेपुढे टिकत नाही. उकळत्या पाण्यात मिनिटाभरात बरंचसं जातं, मायक्रोवेव्हला फुल पॉवरवर ठेवलं तरी तेच. हलक्या वाफेवर तीन-चार मिनिटं मात्र तग धरतं. कुकरच्या दोन शिट्ट्यांत काय उरत असेल ते सांगायला नको.

ह्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही फुकट. पहिला, चिरून ठेवायचं. शिजवायच्या आधी अर्धा-पाऊण तास. म्हणजे एन्झाइमला जे काम करायचंय ते कच्च्यातच करून घेतं आणि तयार झालेलं सल्फोराफेन मग वाफेला बऱ्यापैकी टिकतं. मी सकाळी उठल्या उठल्या भाजी चिरतो, चाळणीत ठेवतो, चहा, पेपर, आंघोळ आणि मग गॅस पेटवतो. आईला हे आधी अजिबात पटलं नाही, तिच्या मते चिरलेली भाजी उघडी ठेवायची नसते. तिचंही चूक नाही, सी जीवनसत्त्व थोडं जात असणारच. पण पाऊण तासाने काय आभाळ कोसळत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडला कारण तो आईकडून आला आणि तिला माहीतही नव्हतं की तो उपाय आहे. ब्रोकोली वाफवून मी नुसतं मीठ-मिरपूड घालून ठेवली होती, मुलीने चिमटीत धरून बघितली आणि परत ठेवली. आई म्हणाली, "अरे हे आजाऱ्याचं खाणं झालं. मोहरी फेसून लाव की त्याला." आणि तिने खलबत्त्यात दोन चमचे मोहरी, चिमूटभर मीठ आणि थेंब थेंब गार पाणी घालून फेसायला घेतली. ज्यांनी लोणच्याच्या निमित्ताने मोहरी फेसलेली बघितली असेल त्यांना माहीत आहे, आधी नुसती खरखर, मग पिठूळ, मग ती पांढरट-पिवळी होऊन फुगायला लागते आणि एका क्षणी झणका थेट नाकातून डोक्यात जातो, डोळ्यांत पाणी. आई तेव्हाच थांबते. झणका आला म्हणजे झाली.

तो झणका म्हणजेच तेच एन्झाइम. मोहरी ब्रोकोलीचीच नातलग, तिच्यातही तीच दोन कप्प्यांची व्यवस्था, दाणा ठेचून पाणी लागलं की मायरोसिनेज कामाला लागतं. म्हणजे वाफेत ब्रोकोलीतलं एन्झाइम थोडंफार गेलं असलं तरी वरून कच्ची फेसलेली मोहरी घातली की उसनं एन्झाइम मिळालं. हे मी मनचं सांगत नाही, २०१८ साली इंग्लंडमध्ये रीडिंग विद्यापीठाच्या मंडळींनी १२ माणसांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली खायला देऊन बघितलं, एकदा नुसती आणि एकदा वर एक ग्रॅम मोहरीची पूड टाकून. मोहरीवाल्या वेळी शरीराला मिळालेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं. एक ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा छोटा चमचा. आणि मोहरी कुठली तर तपकिरी, म्हणजे आपल्याकडच्या राईच्याच जातीतली. मी हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मग पचडीत आम्ही काय घालत होतो इतकी वर्षं?

एक मात्र लक्षात घ्या, फोडणीत तडतडलेली मोहरी इथे उपयोगाची नाही, गरम तेलात एन्झाइमचा कारभार आटोपतो. फोडणी चवीला हवीच, माझं फोडणीशिवाय भागत नाही, पण ती वेगळी आणि ही वेगळी. आणि फेसताना पाणी गारच घ्या. मी एकदा घाईत गिझरच्या पाण्याने मिक्सरला फिरवली, झणका नाहीच, नुसती कडू पेस्ट. लिंबू, दहीसुद्धा आधी घालू नका, आंबट पडलं की ती चढायची थांबते. दहा मिनिटं तशीच ठेवायची आणि मग दही.

आता मोदकपात्रावर परत येतो. रोजच्या वापरात माझे वेळ असे बसलेत, आमच्या मध्यम बर्नरवर, पाणी आधी खळाखळा उकळवून, मगच जाळी आत: ब्रोकोलीचे तुरे साडेतीन-चार मिनिटं, त्याच्या पुढे गेलात की हिरवा रंग शेवाळी होतो. कोबी बारीक चिरलेला नाही तर बोटभर रुंदीच्या पट्ट्या, पाच मिनिटं. फ्लॉवर सहा. मुळ्याच्या चकत्या पाच, त्याचा पाला दोन मिनिटांत बसतो. नवलकोल जरा दमाचं काम, कोवळं असेल तर आठ आणि जून असेल तर बारा मिनिटं देऊनही दोरे लागतातच, ते आमटीत घाला. दोन जाळ्या एकदम लावल्या तर वरच्या जाळीला एखादं मिनिट जास्त. आणि वेळ झाली की भाजी लगेच ताटात पसरायची, झाकून ठेवली तर ती आपल्याच वाफेत शिजत राहते आणि सगळी मेहनत वाया. रंग टिकवायला सोडा घालणारे लोक आहेत, हॉटेलात सर्रास घालतात, प्लीज नका घालू, रंग येतो पण भाजी लिबलिबीत होते आणि जीवनसत्त्वं मरतात.

सगळ्यात यशस्वी झाली ती कोबीची वाफवलेली पचडी. एरवी कच्च्या कोबीची करतात पण आईला कच्चा कोबी बाधतो, पोटात गुबारा धरतो. पाच मिनिटं वाफवला, गार केला, त्यात दही, फेसलेली मोहरी, साखर नावापुरती, मीठ, हिरवी मिरची, आणि वर हिंगाची फोडणी. कोबी कचकचीत राहतो पण कच्चा लागत नाही. मुलगी ही पोळीत गुंडाळून डब्यात नेते आणि तिच्या डोक्यात ते कोलस्लॉ आहे, असू दे.

फ्लॉवरला मात्र नुसती वाफ मला आवडली नाही. गुळमुळीत लागतो. तो आधी मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं (अळ्या, दुसरं काय), मग निथळून चार मिनिटं वाफ आणि मग लोखंडी कढईत एक चमचा तेलावर, मोठ्या आचेवर, न हलवता, एका बाजूने डाग पडेपर्यंत. आधी ह्याच भाजीला पळीभर तेल जायचं कारण कच्चा फ्लॉवर तेलात शिजेपर्यंत तेल पीत बसतो. मित्राकडे एअर फ्रायर आहे, त्याच्यात फ्लॉवर खरंच छान होतो हे कबूल, पण ब्रोकोलीच्या तुऱ्यांचे शेंडे जळून काळे होतात आणि दांडा कच्चाच.

आणि कोबीच्या वड्या. ह्याच्यासाठी तर मोदकपात्र पैसे वसूल आहे. किसलेला कोबी, बेसन, थोडं ज्वारीचं पीठ, आलं-मिरची, तीळ, ओवा, मुटके करून जाळीवर हळदीचं किंवा केळीचं पान टाकून अठरा मिनिटं. इथे एन्झाइम वगैरे विसरा, अठरा मिनिटांत काही राहत नाही, पण तळणीच्या भज्यांपेक्षा हजारपट बरं. पान नसेल तर जाळीला तेलाचा हात. नुसत्या जाळीवर कोबी किसून ठेवलात तर तो भोकांतून खाली पाण्यात जातो, हा माझा स्वतःचा अनुभव, खाली आयतं कोबीचं सूप तयार झालं होतं.

मुळ्याबद्दल आमच्याकडे अजून मतभेद आहेत. वाफवलेल्या मुळ्याचा वास घरभर होतोच, पाच मिनिटांतही होतो. मला चालतो.

शेजारच्या काकूंनी हे सगळं बघून विचारलं की थायरॉइडला कोबी चालत नाही ना, त्यांची गोळी चालू आहे. माझ्या बहिणीचीही चालू आहे आणि तिला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं की आयोडीनचं मीठ खाताय, भाजी शिजवून खाताय, बादलीभर खात नाही, तर बंद करायचं कारण नाही, फक्त गोळी उपाशीपोटी आणि खाण्यात अंतर ठेवा. शिजवल्याने थायरॉइडला त्रास देणारा भाग बराच कमी होतो. जास्त सांभाळायचं ते रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी, कारण ब्रोकोली-कोबीत के जीवनसत्त्व असतं आणि ते एकदम वाढलं-कमी झालं की गोळीचं गणित बिघडतं. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं.

आता तक्रारी, कारण वस्तू काही निर्दोष नाही. कान, म्हणजे बाजूच्या कड्या, स्टीलच्याच आहेत आणि सणसणीत तापतात. झाकणाची मूठ स्क्रूवर आहे, तिसऱ्या महिन्यात ढिली झाली, घट्ट केली, पाचव्यात पुन्हा. झाकण उघडताना आपल्यापासून लांबच्या बाजूने उघडा, माझ्या मनगटावर अजून एक तपकिरी पट्टा आहे, वाफेचं भाजणं तेलापेक्षा कमी नाही. आणि पाणी संपलेलं बाहेरून कळत नाही. जानेवारीत मी मीटिंगमध्ये अडकलो, वर वड्या, खाली पाणी संपलं, पातेल्याच्या तळाला मोरपिशी डाग पडले. लिंबू आणि मीठ चोळून निम्मे गेले. त्यावर आत्याची युक्ती फार कामाची आहे: पाण्यात एक छोटी वाटी पालथी टाकून ठेवायची. पाणी उकळत असतं तोवर ती खडखड वाजते, आवाज थांबला की पळत जायचं. बायकोला तो आवाज सहन होत नाही पण ती तेव्हा शाळेत असते.

उंची हीसुद्धा अडचण आहे. दोन जाळ्या आणि झाकण मिळून हे आमच्या सिंकमध्ये आडवंच घासावं लागतं, लहान ओटा असेल तर विचार करा. एकट्या-दुकट्या माणसाला मी हे घ्या म्हणणार नाही, त्याच्यासाठी ती फुलासारखी उघडणारी स्टीलची जाळी मिळते, दोन-अडीचशे रुपयांत, घरातल्या कुठल्याही पातेल्यात बसते. झाकण ताटली असलं तरी फडकं बांधून काम होतं. आम्ही चार माणसं आणि दोन डबे म्हणून मोठं परवडलं.

खालचं पाणी मी फेकत नाही, कणीक भिजवायला किंवा आमटीत. मुळ्याचं सोडून. मुळ्याच्या पाण्यात एकदा कणीक भिजवली होती, पोळ्यांना आलेल्या वासावर घरात दोन दिवस चर्चा झाली.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार, एक मार्क मूठ आणि कानांसाठी कापला. किंमत वसूल झाली का, तर फेब्रुवारीतच झाली. तेलाचा पाच लिटरचा डबा आधी दीड महिना पुरायचा, आता दोन महिन्यांच्या वर जातो, त्यात अजून काय काय कारणं असतील पण फ्लॉवरचा वाटा नक्की आहे.

परवा आईने विचारलं, गणपतीत मोदक ह्याच्यातच करायचे का. म्हटलं हो, त्याच्यासाठीच तर असतं ते. तिने झाकण काढून जाळीला नाक लावलं. स्टीलला वास राहत नाही, मी व्हिनेगरने उकळून ठेवलं होतं, पण ती काही बोलली नाही, नुसतं "नैवेद्याच्या भांड्यात मुळा" एवढंच म्हणाली आणि माळ्यावरून तिचं लग्नातलं अॅल्युमिनियमचं काढायला स्टूल मागितलं. रविवारी भांडी बाजारात परत जातोय, त्याच मापाच्या दोन जाळ्या सुट्या मिळतात का बघायला. आणि जमलं तर लाकडी मुठीचं झाकण.